गोणपाटाखालची ठिणगी

संपादक फोनवर म्हणाले, “मेस्त्री, चाळीस वर्षांत तुमच्याकडे एकेक नमुने गिऱ्हाइकं आली असतील. त्यांच्या गमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं.” मी हो म्हणून बसलो. गमती आहेतच. कॉइल जळली म्हणून एक जण पंपाचं इंजिन डोक्यावर घेऊन दोन मैल चालत आला होता आणि त्याच्या टाकीत रॉकेलच नव्हतं. दुसऱ्या एकाने प्लगला स्पार्क येतो का ते बघायला सासऱ्याला वायर धरायला लावली. स्पार्क उत्तम येत होता. सासरा वर्षभर त्याच्याशी बोलला नाही.

पण या गमती मी चहाच्या टपरीवर इतक्यांदा सांगितल्या आहेत की टपरीवाल्यालाही पाठ झाल्यात. कागद पुढे घेतला तेव्हा त्यातली एकही लिहावीशी वाटली नाही. लिहायची आहे ती गोष्ट दत्तारामची आहे. ती हलकी नाही आणि तिच्यात मी बरा दिसत नाही. संपादकांना चालली तर छापतील.

माझं दुकान रत्नागिरीत मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. दोन वर्षांपूर्वी बंद केलं. बंदरात मोठे ट्रॉलर आहेत म्हणून लोकांना वाटायचं की मी त्यांचीच कामं करत असेन. ट्रॉलरला डिझेल इंजिन, आणि डिझेलला स्पार्क लागत नाही. मी ठिणगीचा माणूस. बागायतीतले रॉकेलवर चालणारे छोटे पंप, आंब्यावर औषध मारायचे फवारणीचे पंप, होडीला मागे लावायची जुनी मशिनं, म्हाताऱ्या स्कूटरी, असली चिल्लर इंजिनं माझ्याकडे यायची. त्यांतली निम्मी माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. हल्ली त्यांना विंटेज म्हणतात. आम्ही त्यांना डबडी म्हणायचो आणि त्या डबड्यांवर माझं घर चाललं.

या इंजिनांचं दुखणं बहुतेक वेळा कॉइलमध्ये असतं, निदान असं सगळे समजतात. कॉइल म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. आत जाड तारेचे थोडे वेढे, त्यावर केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे, दर थराला कागद. जाड तारेत वीज खेळत असते. पॉइंट नावाचे दोन छोटे दात उघडले की ती वीज एकदम तुटते, आणि त्या धक्क्याने बारीक तारेत एवढा जोर येतो की प्लगच्या फटीतून ठिणगी उडी मारते. पॉइंटच्या शेजारी बोटाच्या पेराएवढा एक डबा असतो, कंडेन्सर. वीज तुटतानाचा धक्का तो पोटात घेतो. तो बिघडला की ठिणगी प्लगला उडायच्या ऐवजी पॉइंटवरच मरते. हा डबा स्वस्त आणि कॉइल महाग. म्हणून माझ्या हाताखाली जो कोणी शिकला त्याला मी पहिलं वाक्य हे शिकवलं, की आधी कंडेन्सर बदल, मग कॉइलला बोल लाव. हे वाक्य लक्षात ठेवा.

कॉइल तपासण्यात माझं नाव होतं. लांजा, राजापूर, इकडे चिपळूणपर्यंतचे मेस्त्री संशय आला की कॉइल माझ्याकडे पाठवायचे. मी स्वतः बाक बनवला होता. त्यावर एक बॅटरी, पॉइंट फिरवायला छोटी मोटर, आणि ठिणगीला उडी मारायला दोन खिळ्यांमधली मापाची फट. ठिणगीचा रंग बघायचा असतो. निळी आणि कडकडीत वाजणारी चांगली, पिवळी आणि मुकी वाईट. पण उजेडात रंग कळत नाही. म्हणून मी डोक्यावरून गोणपाट घ्यायचो, बाकासकट, आणि आत अंधार करून बटण दाबायचो. पूर्वी फोटो काढणारे काळ्या कापडात शिरायचे तसा. बाहेर गिऱ्हाईक माझ्या पाठीकडे बघत उभं. बाहेर आलो की मी एकच शब्द बोलायचो, ‘जिवंत’ किंवा ‘मेली’. त्यावर कोणी हुज्जत घालत नसे. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

तापवून बघायची अक्कल मला पांडू तांडेलने दिली. भाट्याकडचा छोट्या होडीचा माणूस. त्याचं मशीन माझ्या दुकानात पहिल्या दोरीला सुरू व्हायचं आणि समुद्रात अर्ध्या तासाने मरायचं. तीनदा मी ‘जिवंत’ म्हणून परत दिलं. चौथ्यांदा तो बाकासमोर उभा राहून म्हणाला, “मेस्त्री, तुमच्या दुकानात चालतं, दर्यात नाय चालत. एक काम करा, तुमचं दुकानच होडीत घाला.” दुकानातले सगळे हसले. मला राग आला आणि मी त्याच्या होडीत जाऊन बसलो. दीपगृहाच्या पुढे गेल्यावर मशीन मेलं. मी झाकण काढून कॉइलला हात लावला आणि बोट भाजून घेतलं. पांडूने शांतपणे दोन विड्या ओढल्या. तेवढ्यात कॉइल निवली आणि मशीन परत सुरू झालं.

तेव्हा कळलं की कॉइल थंडपणी खोटं बोलते. आतली तार कुठे उसवली असेल तर गरम झाल्यावर तोंड उघडते. दुसऱ्या दिवशी मी पत्र्याची एक पेटी केली, आत दोन मोठे बल्ब, आणि ती बाकाखाली बसवली. कॉइल त्यात चाळीस मिनिटं ठेवायची, हाताला चटका बसेल इतकी तापवायची आणि मगच गोणपाटात शिरायचं. रत्नागिरीत असं कोणी करत नव्हतं. माझा भाव आणखी वाढला.

आता दत्ताराम.

दत्ताराम लांज्याचा. हायवेच्या एसटी थांब्यामागे एका खोलीत तो कॉइली बांधायचा. बांधायचा म्हणजे हाताने, घरी केलेल्या चरख्यावर. मेलेली कॉइल उकलायची, जुनी तार काढून टाकायची आणि नवी भरायची. ती तार जोरात श्वास सोडला तरी तुटते. तो काम करताना पंखा लावत नसे आणि कोणाशी बोलत नसे. पूर्ण झालेली कॉइल वार्निशात बुडवून भट्टीत सुकवायचा आणि शेवटी लाल दोऱ्याने तिची कंबर आवळायचा. लाल दोरा म्हणजे दत्तारामची कॉइल, हे सगळ्या तालुक्यांत माहीत होतं. जुन्या इंजिनांच्या कॉइली कंपन्यांनी बनवायच्या बंद केल्या तेव्हा तीच इंजिनं दत्तारामच्या बोटांवर चालू राहिली. मी ‘मेली’ म्हटलेली कॉइल एसटीच्या ड्रायव्हरकडून लांज्याला जायची, आठवड्याने लाल दोरा नेसून परत यायची, मी तापवून ‘जिवंत’ म्हणायचो आणि ती इंजिनावर चढायची. चौदा वर्षं हे असं चाललं. या चौदा वर्षांत त्याची एकही कॉइल माझ्या पेटीत मेली नाही.

याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण पुढे पुढे लोक दुकानात येऊन म्हणायला लागले, “कॉइल लांज्याची आहे, तपासायची गरज नाही.” माझ्या बाकासमोर उभं राहून म्हणायचे. एकदा तर एका बागायतदाराने मला गोणपाटात शिरूच दिलं नाही. म्हणाला, “राहू दे हो, दत्तारामाने बांधलीय.” मी हसलो, पण ते मला लागलं. हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही.

मग एका वर्षी, आंब्याच्या फवारण्या सुरू झाल्या होत्या तेव्हा, लाल दोऱ्याची एक कॉइल माझ्या पेटीत मेली. थंडपणी निळी, तापल्यावर पिवळी आणि मग नाहीच. मी परत तापवली, परत तेच. पंधरा दिवसांनी दुसरी मेली, मग तिसरी. त्या हंगामात एकूण सात. मी दत्तारामला फोन केला. तो म्हणाला, “असं कसं होईल? तार तीच हाय, वार्निश तेच हाय.” मी म्हटलं, “हात तोच आहे का बघ.” हे बोलायची काही गरज नव्हती.

तो दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीने आला. शनिवार होता आणि दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्याच्या हातात कापडी पिशवी, त्यात नुकत्या बांधलेल्या तीन कॉइली. सडपातळ, अबोल माणूस. आल्या आल्या म्हणाला, “माज्यासमोर तापव.” मी तापवल्या. चाळीस मिनिटं तो पेटीजवळ उकिडवा बसून राहिला, चहाही घेतला नाही. मग मी एकेक कॉइल गोणपाटाखाली नेली आणि तीनदा बाहेर येऊन सगळ्यांसमोर ‘मेली’ म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज नको इतका मोठा लागला असणार, कारण रस्त्यापलीकडचा बर्फवाला वळून बघायला लागला.

दत्ताराम उठला. म्हणाला, “तुजा बाक जरा मला बघू दे.”

आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या बाकाला हात लावत नाहीत. न्हाव्याच्या वस्तऱ्याला गिऱ्हाईक हात लावत नाही, तसंच. शिवाय बघायला सगळे उभे होते. मी म्हटलं, “चौदा वर्षं हा बाक तुझी कॉइल पास करत होता तेव्हा बघावासा वाटला नाही तो?” आणि दुसऱ्या कोणाची तरी कॉइल घेऊन मी परत गोणपाटात शिरलो. तपासायचं असं काही नव्हतं. नुसतं बटण दाबत बसलो.

बाहेरून त्याने मला हाक मारली. दोनदा. मी बटण दाबतच राहिलो. गोणपाटात घाम येत होता, जुन्या तागाचा वास येत होता, आणि समोर पॉइंट टकटक करत होते. आणखी थोडा वेळ काढून मी डोकं बाहेर काढलं, तर तो गेला होता. तीन कॉइली बाकाच्या कडेला ओळीने मांडलेल्या होत्या. मी त्या भंगाराच्या डब्यात टाकल्या.

त्यानंतर मी काय केलं ते लिहितो. ज्या सात जणांच्या कॉइली मेल्या होत्या त्यांना मी सांगितलं, लांज्याचा हात गेला, आता तिकडे कॉइल देऊ नका. त्यांनी आणखी कोणाकोणाला सांगितलं असेल. तेव्हाच कोल्हापूरकडून बंद डब्यातल्या तयार कॉइली मिळायला लागल्या होत्या, कुठल्याही इंजिनावर जमवून घेता येतील अशा. मी त्या ठेवायला लागलो. वर्षभरात दत्तारामकडे जाणारं काम थांबलं. खोलीला कुलूप लागल्याचं एसटीच्या ड्रायव्हरने सांगितलं. तो भांडुपला वॉचमनची नोकरी धरून गेला, असंही कानावर आलं. त्याचं कुटुंब लांज्यालाच राहिलं. मी म्हटलं, वाईट झालं. म्हणजे तोंडाने म्हटलं.

या गोष्टीला वीस-एक वर्षं झाली.

गेल्या वर्षी दुकान बंद असताना पुण्याचा एक माणूस माझं घर शोधत आला. संगणकाच्या नोकरीतला, चाळिशीचा, पाटणकर म्हणू या. जुनी इंजिनं गोळा करायची त्याला हौस. घासूनपुसून रंगवतो आणि दिवाणखान्यात ठेवतो. पावसकडे कुंदाकाकींच्या बागेत रॉकेल पंपाचं एक जुनं इंजिन आहे, ते घ्यायचं आहे, तुम्ही एकदा तपासून द्या, असं त्याचं म्हणणं. मला या लोकांचा जरा तिटकारा आहे. ज्या इंजिनाने उभा जन्म पाणी खेचलं त्याच्यावर हे लोक फुलदाणी ठेवणार. पण घरी बसून कंटाळलो होतो, म्हणून गेलो.

कुंदाकाकी ऐंशीच्या पुढच्या. नवरा गेल्यावर नारळी-पोफळीची बाग त्यांनी एकटीने राखली. मला बघून म्हणाल्या, “या मेस्त्री. तुम्ही मारलेली कॉइल बघायला आलात होय?”

मला काही उमजेना. त्यांनी इंजिनावरचं गोणपाट बाजूला केलं. पंख्याखाली कॉइल होती आणि तिच्या कमरेला लाल दोरा. रंग उडून विटकरी झालेला, पण गाठ तीच.

“तुम्ही मेली म्हणून सांगितलीत,” काकी म्हणाल्या, “नवीन कॉइल दोन आठवड्यांनी येणार म्हणालात. माझी पोफळं दोन आठवडे थांबतात होय? म्हटलं, मेली तर मेली, लावून तर बघू. लावली ती आजतागायत आहे. उन्हाळ्यात चार-चार तास चालवते. मागच्या वादळात वीज गेली तेव्हा सगळ्या वाडीला हिनेच पाणी दिलंन्.”

मी म्हटलं, “नशीब तुमचं.”

“नशीब कसलं मेलं,” त्या म्हणाल्या. “कॉइल चांगली आहे.”

मी हट्टाने ती कॉइल काढून घरी आणली. बाक अजून पडवीत होता, जसाच्या तसा. पाटणकरासमोर कॉइल पेटीत ठेवली, चाळीस मिनिटं मोजली आणि गोणपाटात शिरलो. पिवळी ठिणगी, मग मुकी, मग काही नाही. मी डोकं बाहेर काढून म्हणालो, “बघा. मेली.” आणि आता लिहायला लाज वाटते, पण मला तेव्हा बरं वाटलं. इतक्या वर्षांनीसुद्धा.

पाटणकर म्हणाला, “पण काका, काकी ती चार तास चालवतात ना?”

“इंजिनावर वारा लागतो.”

“काका, एक विचारू? तुमच्याकडची एखादी नवी कॉइल अशीच तापवून बघू या का?”

या माणसाला पाना धरता येत नव्हता. बंद डब्यातली कॉइल मी आयुष्यात कधी तापवली नव्हती. डबा फोडायचा, थंड ठिणगी बघायची आणि द्यायची. कंपनीचा शिक्का होता ना वर. संशयाच्या जुन्या कॉइली तापवायचो, पण त्या मेल्या तर कोणाला नवल नव्हतं. चांगल्या म्हणून तापवायच्या त्या फक्त नव्याने बांधलेल्या, आणि त्या बांधणारा एकटा दत्ताराम. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात माझ्या पेटीत दुसऱ्या कोणाची चांगली कॉइल कधी गेलीच नव्हती.

कपाटात एक सीलबंद डबा राहिला होता. फोडला. थंड ठिणगी निळीशार. पेटीत ठेवली. चाळीस मिनिटं मोजली. मग गोणपाटात शिरून बटण दाबलं.

पिवळी. मुकी. काही नाही.

मी बराच वेळ तसाच आत राहिलो. मग गोणपाट काढून टाकलं, बाक उलटा केला आणि टॉर्च लावून पेटीचा पत्रा उजेडात धरला. बाकावरच्या पॉइंटलाही कंडेन्सर लागतोच, आणि त्याला पत्र्याचं अर्थिंग लागतं. म्हणून मी त्याला पेटीच्याच पत्र्याला स्क्रू मारून बसवला होता, पांडू तांडेलच्या होडीतून आल्यावर दुसऱ्याच दिवशी. पेटी तापली की दर वेळी तोही तापत होता. चौदा वर्षं त्याने सोसलं आणि मग त्याने दम सोडला. थंडपणी चांगला, गरम झाला की गळका. पॉइंटसुद्धा काळे पडलेले होते. ते दर आठवड्याला काळे पडायचे आणि मी दर आठवड्याला कानशीने घासून साफ करायचो. कंडेन्सर गेल्याची याहून उघड खूण आमच्या धंद्यात नाही. दुसऱ्याच्या इंजिनात असे पॉइंट दिसले असते तर मी त्या मेस्त्रीला सगळ्यांसमोर हाणला असता.

नवा कंडेन्सर पेटीपासून दूर बसवला. कुंदाकाकींची कॉइल परत तापवली. गोणपाटाची गरजही पडली नाही. पडवीच्या उजेडात निळी दिसत होती आणि कडकड वाजत होती.

पाटणकर आनंदाने म्हणाला, “म्हणजे कॉइल ओके!” मी त्याला घरी जायला सांगितलं.

चार दिवस मी जेवण टाकल्यासारखा वावरत होतो. बायको म्हणाली, “एवढं वाटतंय तर जाऊन सांगा ना त्याला.” दत्ताराम मुंबईहून परत आला असून लांज्यालाच असतो, हे एसटी स्टँडवर चौकशी केली तर लगेच कळलं. वीस वर्षांत कधी चौकशी केली नव्हती, एवढंच.

तो पडवीत काजू सोलत बसला होता. बाजूला सून होती. कारखान्यातून गर घरी आणतात, वरचं तांबडं साल छोट्या सुरीने काढायचं आणि गर तुटू द्यायचा नाही. केसाहून बारीक तार फिरवणारी बोटं ती सुरी फिरवत होती. बोटं थरथरत नव्हती. ती थरथरली असती तर मला जरा बरं वाटलं असतं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

त्याने मला ओळखलं. सुनेला म्हणाला, “रत्नागिरीचे मेस्त्री. चा ठेव.”

मी सगळं सांगितलं. कुंदाकाकींचं इंजिन, सीलबंद डबा, पत्र्यावरचा कंडेन्सर. तो ऐकत होता आणि काजू सोलत होता. माझं सांगून झालं तरी त्याची सुरी चालूच होती, म्हणून मी म्हटलं, “दत्ताराम, चूक माझ्या बाकाची होती. तुझ्या कॉइलची नव्हती.”

“म्हायत हाय मला,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. पेटीजवळ बसलो व्हतो नाय? उठताना पत्र्याला हात लागला नि चटका बसला. बघतो तर त्याच पत्र्यावर कंडेन्सर. तिथंच समजलं.”

माझा आवाज चढला. चढायला काय कारण होतं कोण जाणे. मी म्हटलं, “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

त्याने सुरी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“सांगत व्हतो की. दोन हाका मारल्या. तू गोणपाटातनं भायेर आलास नाय.”

सुनेने चहा आणला. मी तो हातात धरून बसलो. मग विचारलं, “नंतर तरी? एक फोन?”

“लोकांसमोर मेली म्हणालास, तर लोकांसमोर सांगायला होवं व्हतं. तुज्या कानात सांगून माजं काय व्हनार?” तो परत काजू घेऊन बसला. “आता मला कशाला सांगतंस? मला ठावकच व्हतं. ज्यांना सांगितलंस त्यांना जाऊन सांग.”

तो रागावला नव्हता. कामाचं बोलावं तसं बोलत होता. निघताना मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्याने पाय मागे घेतले. म्हणाला, “वयाने तू मोठा हायस.”

ज्यांना सांगितलं होतं ते सात जण होते. परत आल्यावर मी त्यांना शोधायला लागलो. सहा जण, कारण सातव्या कुंदाकाकी, आणि त्यांनी माझं ऐकलंच नव्हतं. तिघे आता या जगात नाहीत. पांडू तांडेल त्यांतला एक. त्याच्या मुलाने फायबरची होडी घेतली आहे, नवं मशीन आहे, वडलांचं मशीन कुठे गेलं ते त्याला माहीत नाही. एक जण मुलाकडे बडोद्याला असतो. त्याला फोन केला तर त्याने दोन वेळा विचारलं, तुम्ही कोण? पाचवे अंथरुणाला खिळलेत. मी त्यांच्या कानाशी बसून सगळी हकीगत सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, पाऊस आला का?

सहावा तो बागायतदार, ज्याने एकदा मला गोणपाटात शिरू दिलं नव्हतं. दत्तारामाने बांधलीय, राहू दे, म्हणाला होता तोच. अजून धडधाकट आहे, आंब्याच्या कलमांना आता वीजपंपाने पाणी देतो. त्याने मला झोपाळ्यावर बसवलं, कोकम सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “दत्ताराम… कोण दत्ताराम?”

म्हणून हे इथे लिहिलं. माझा आवाज आता रस्त्यापलीकडे जात नाही, आणि बर्फवालाही तिथे राहिलेला नाही. संपादकांना माझी विनंती आहे की यातलं बाकी काही कापायचं तर कापा, खालची ओळ तेवढी राहू द्या.

त्या हंगामात लांज्याच्या दत्तारामने बांधलेल्या सात कॉइली आणि त्याने शनिवारी पिशवीतून आणलेल्या तीन, अशा दहाही कॉइली जिवंत होत्या.